पार्किंगमधला राजगड

वाड्यात, गल्लीत, सोसायटीत मुलांसाठी जे कार्यक्रम होतात त्यांचे माझ्या मते दोन प्रकार आहेत. एकात मुलं ओळीने बसतात आणि कोणीतरी येऊन त्यांचं मनोरंजन करून जातं. जादूचे प्रयोग, हवा भरलेली घसरगुंडी, हातावर रंगीत नक्षी काढून देणारा माणूस, माइकवरून ‘आवाज ऐकू येत नाहीये मला!’ असं दहा वेळा म्हणणारा निवेदक. दुसऱ्या प्रकारात मुलं नसतील तर कार्यक्रमच होत नाही. दिवाळीतला किल्ला हा दुसऱ्या प्रकारातला. भोंडला, बोरन्हाण, होळीसाठी लाकडं गोळा करणं, गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरणं, हे सगळं त्यातलंच. पहिल्या प्रकाराला पैसे लागतात. दुसऱ्याला लागते जागा, फुरसत आणि एखाददुसरं न ओरडणारं मोठं माणूस.

पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीत मी हे दोन्ही बरीच वर्षं पाहते आहे. पहिला प्रकार वाढतोय आणि दुसरा आक्रसतोय, हे मला मनापासून लागतं. कारण एखादं मूल आपल्या वस्तीचं होतं ते तिथे त्याच्यावाचून काहीतरी अडतं तेव्हा. जादूगार पाहून मूल खूश होतं आणि घरी जातं. किल्ल्याला पाणी घालायची पाळी आपली आहे हे माहीत असलेलं मूल सकाळी सहाला, दात न घासता, जिना उतरून खाली येतं.

किल्ल्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यात सगळंच आहे.

सहामाहीचा शेवटचा पेपर दुपारी संपतो आणि संध्याकाळी मुलं जिन्याखालच्या खोलीची किल्ली मागायला वॉचमनकाकांच्या मागे लागतात. त्या खोलीत गेल्या वर्षीच्या विटा, दोन फुटकी घमेली, गोणपाटं आणि खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे असतात. पहिली संध्याकाळ मावळ्यांच्या मोजदादीत जाते. कोणाचा भाला मोडलाय, कोणाचा रंग गेलाय. तोफा नेहमी कमी भरतात. मग यादी होते, वर्गणी निघते, आणि कोणाचे तरी बाबा चार मुलांना घेऊन कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन येतात. सिंहासनावरची महाराजांची मूर्ती दर वर्षी नवी आणायची, हा आमच्याकडचा रिवाज. जुनी मूर्ती ज्याने सर्वांत जास्त राबणूक केली त्याच्या घरी जाते. हे ठरवताना होणारी भांडणं मी ऐकली आहेत आणि ती सोडवायला कोणाही मोठ्याने जाऊ नये असं माझं मत आहे. मुलांना आपसात नेमकं माहीत असतं कोण राबलं आणि कोण नुसतं उभं राहिलं.

मग माती. पूर्वी टेकडीच्या पायथ्याशी पोतं भरून आणता यायची. आता नर्सरीतून विकत आणावी लागते, नाहीतर शेजारी कुठे पाया खणत असतील तिथले सुपरवायझर दोनचार पोती भरून घेऊ देतात. आमच्या रस्त्यावर अलीकडे कुठे ना कुठे पाया खणलेला असतोच. त्यामुळे माती मिळते आणि किल्ल्याची जागा जाते, दोन्ही एकाच कारणाने. त्याच्याकडे पुढे येते.

ज्यांनी किल्ला केलेला नाही त्यांना वाटतं की मातीचा ढीग करायचा आणि वर मावळे ठेवायचे. तसा किल्ला दुसऱ्या दिवशी खचतो. आधी दगडविटांचा सांगाडा रचावा लागतो, त्यात गुहेसाठी, भुयारासाठी पोकळ्या ठेवाव्या लागतात. करवंट्या, जुने डबे, पाइपचे तुकडे तेव्हाच आत बसवायचे. मग गोणपाट चिखलाच्या राड्यात बुचकळून त्या सांगाड्यावर पांघरायचं, कडेकपारी हाताने दाबून काढायच्या आणि त्यावर चाळलेल्या मातीचा हात फिरवायचा. चाळण्याचं काम सर्वांत लहान मुलांचं. त्यांना ते अतिशय आवडतं आणि त्यांच्या आयांना अजिबात आवडत नाही. पायऱ्या बोटाने पडत नाहीत, त्याला जुनी फूटपट्टी लागते. तळ्याला घरातली थाळी. कारंज्याला सलाइनची नळी आणि उंचावर टांगलेला पाण्याचा डबा. डबा जितका वर तितकं कारंजं उंच, हे विज्ञानाच्या पुस्तकात येण्याआधी आमच्या पार्किंगमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं.

अळीव पेरायचे ते वसुबारसेच्या चारपाच दिवस आधी. उशीर झाला तर दिवाळीत किल्ला बोडका राहतो, फार आधी पेरले तर लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवळ लोळते. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. हे ज्ञान पाचवीतल्या मुलाकडून दुसरीतल्याकडे जातं, आणि दुसरीतलं मूल पाचवीत गेलं की त्याच आवाजात, त्याच अधिकाराने पुढच्याला सांगतं. दहावीतल्यांना घरून बंदी असते, तरी ते ‘पाचच मिनिटं’ म्हणून खाली येतात आणि बुरुजाचा कोन दुरुस्त करून जातात.

मागे एकदा मुलांनी राजगड करायचा ठरवला. ढोबळ डोंगर नको, खराखुरा राजगड हवा. म्हणजे मध्ये बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. निम्म्या मुलांनी राजगड पाहिलेला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला होता त्यांचं आपसात पटत नव्हतं. सुवेळा माची पूर्वेला, यावर एकमत. पण आमच्या पार्किंगमध्ये पूर्व कुठली? पाण्याच्या टाकीकडची की गेटकडची? दोन तास यात गेले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना खाली बोलावलं. तरुणपणी त्यांनी सह्याद्री पायाखाली घातलेला. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते खाली येत नाहीत. ते आले, खुर्ची मागवली आणि सलग तीन संध्याकाळ बसून राहिले. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कशी आहे, बाहेरची भिंत आणि आतली भिंत यांच्या मधून माणूस कसा जातो, हे त्यांनी काठीने जमिनीवर काढून दाखवलं. सुवेळा माचीवर कड्याच्या टोकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते झालंच पाहिजे असा मुलांचा हट्ट. ओल्या मातीत भोक पाडलं की वरचं ढासळायचं. दोनदा ढासळलं. तिसऱ्यांदा एका मुलीने बांगडी आत बसवली आणि नेढं उभं राहिलं.

त्या तीन संध्याकाळी आजोबांच्या सूनबाई गॅलरीतून खाली बघत होत्या. बाबा एवढं बोलतात हेच आम्ही विसरलो होतो, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

किल्ला पुरा झाला की तो दाखवायचा असतो, आणि हा भाग मला करण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी पणत्या लागल्यावर आजूबाजूच्या सोसायट्यांतली कुटुंबं किल्ले पाहत हिंडतात. प्रत्येक किल्ल्यापाशी एक मूल छडी घेऊन उभं असतं. ‘हा महादरवाजा. हा चोरदरवाजा. इथे बाजारपेठ. इथे शत्रू आलाय पण त्याला अजून वाट सापडलेली नाही.’ आमच्याकडे शाळेत कधी हात वर न करणारी एक मुलगी होती. छडी हातात आल्यावर ती अनोळखी माणसांना एका दमात सगळा गड फिरवून आणायची. मी तिला तसं बोलताना पाहिलं तेव्हा वाटलं, हिला समोर बसलेल्या श्रोत्यांची भीती असेल, पण सांगण्यासारखं काही हातात असलं की ती भीती पळते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा, साल्हेर, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी, आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवाळीत मुलांनी ही यादी पुठ्ठ्यावर लिहून किल्ल्याशेजारी लावली. मला मनापासून आनंद झाला. आणि हेही वाटलं, की त्या किल्ल्यांची आठवण महाराष्ट्रात जिवंत राहण्यात अंगणातल्या मातीच्या किल्ल्यांचा वाटा मोठा आहे. शाळेतल्या पुस्तकाने इतिहास सांगितला. पण डोंगराला माची कशी असते, बुरुज पुढे का काढतात, तळं गडावर का लागतं, हे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत हाताने कळत आलं आहे.

आता बाजारात तयार किल्ले मिळतात. रंगवलेले, हलके, उचलून कुठेही ठेवता येणारे. ज्या घरात एकटंच मूल आहे, खाली जागा नाही, आईवडील दोघं रात्री घरी येतात, त्या घराने तो आणला तर मी नाव ठेवणार नाही. गॅलरीत ठेवलेला किल्लाही काही नसण्यापेक्षा बरा. पण सोसायटीने वर्गणीतून तयार किल्ला आणून लॉबीत ठेवावा, सभोवती दोरी बांधावी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी लावावी, हे मात्र मला सहन होत नाही. असं एका ठिकाणी पाहिलं आणि मुलांना घेऊन तिथून लगेच निघाले.

भोंडल्याची गंमत वेगळी. तिथे मातीला हात लावायचा नसतो, पण पोरींचा (आणि आता पोरांचाही) फेर धरल्याशिवाय तो होत नाही. पाटावर हत्ती काढायचा, पाट मध्ये ठेवायचा, भोवती फेर. पहिलं गाणं गणपतीला आणि मग सासरमाहेरची सगळी गाणी एकामागून एक. शब्दांचा अर्थ आजच्या मुलींना निम्माही कळत नाही आणि त्याने काही बिघडत नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष खिरापतीकडे असतं. पूर्वी घटस्थापनेला एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढत जायची. आता बहुतेक सोसायट्यांत एकच दिवस ठरतो आणि प्रत्येक घर एकेक डबा आणतं.

डब्याचं झाकण घट्ट लावलेलं असतं. ओळखल्याशिवाय उघडायचं नाही. ज्यांची खिरापत ती बाई डबा कानाशी हलवून दाखवते. खुळखुळलं तर कोरडं, डबडब वाजलं तर ओलं. गोड की तिखट? तळलेलं की वाफवलेलं? किती अक्षरी? वाटली डाळ आणि मटारची उसळ लगेच ओळखली जाते. सुरळीच्या वडीला थोडा वेळ लागतो. आमच्याकडच्या एक आजी मुद्दाम खांतोळी करतात, कारण आजच्या मुलांनी तिचं नावच ऐकलेलं नसतं. त्या हरलेल्या चेहऱ्यांकडे बघत अगदी निवांत झाकण उघडतात आणि मग कण्या भाजण्यापासून कृती सांगायला बसतात. मुलं खात खात ऐकतात.

दुसऱ्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब आहे. त्यांच्याकडे नवरात्रात कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, देवदेवता, लग्नाची वरात, वाण्याचं दुकान. त्या मामींनी पहिल्या वर्षी भोंडल्याला डबा आणला आणि सगळी फौज हरली. हरभरे आहेत इथवर पोचल्या, पण ‘सुंडल’ हा शब्दच कोणाकडे नव्हता. तेव्हापासून भोंडला आटपला की फेरातल्या सगळ्या मुली मामींकडे कोलू बघायला जातात, आणि मामींची नात खिरापत ओळखण्यात आता सर्वांत तरबेज आहे. दोन घरांनी एकमेकांचे सण समजून घ्यावेत म्हणून कोणी भाषण केलं नाही, बैठक घेतली नाही. एक डबा उघडायचा होता एवढंच.

बोरन्हाणाविषयी थोडकं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही, तान्ह्या किंवा वर्षादोन वर्षांच्या बाळाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, ओला हरभरा ओतायचा. आजूबाजूच्या मुलांनी तो वेचायचा, झोंबाझोंबी करून. बाळ बहुधा रडतं. पण हा समारंभ बाळाचा जितका, तितकाच वेचणाऱ्यांचा. बोरन्हाण आहे म्हणून चार घरांतून मुलं बोलवावीच लागतात, आणि नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाची ओळख व्हायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. दार उघडं, जमिनीवर बोरं, आणि अनोळखी मुलं गुडघ्यांवर. कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटवताना प्रत्येक घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, तेही मला फार आवडतं. त्या रात्री गच्चीवर ओवाळून घ्यायला सात वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे काका एकाच रांगेत बसतात.

जागेचं बोलते आता.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. मध्ये चौक, चौकात नळ, सभोवती बिऱ्हाडं. मुलं सगळ्यांच्या नजरेत असायची आणि कोणाच्याच पायात येत नसत. वाड्यात गैरसोयी पुष्कळ होत्या, भाडेकरू-मालक वाद होते, एका नळावरची भांडणं होती, ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण चौक होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले किती तरी वाडे त्या पाण्यात गेले आणि शहर झपाट्याने बाहेर पसरलं. नंतरच्या दोनतीन दशकांत कोथरूडसारख्या भागात ज्या सहकारी गृहरचना संस्था झाल्या, त्या बांधणाऱ्यांच्या मनात चौक असावा. आमच्या तीन मजली इमारतीच्या मागे आंब्याचं एक झाड, पेरूची दोन आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंत उघडी माती होती. इथे जी मुलं वाढली त्यांना ती मागची जागा आपलीच वाटायची.

मग गाड्या आल्या. आधी पेरू गेले, मग मातीवर फरशा बसल्या. किल्ला मागच्या अंगणातून पार्किंगच्या कोपऱ्यात आला. ज्यांची गाडी त्या कोपऱ्यात लागते ते काका दर दिवाळीत पंधरा दिवस ती रस्त्यावर लावतात आणि त्याबद्दल कधी अवाक्षर बोललेले नाहीत. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. वस्ती अशा माणसांवर चालते.

आता पुनर्विकास. आमच्या रस्त्यावर एकामागून एक जुनी इमारत पाडून दहा-बारा मजली उभी राहते आहे, आमचीही राहील. मला त्याला विरोध करायचा नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या माणसाला नवी इमारत हवीच आहे. पण मुलांच्या जागेचं काय होतं ते सगळ्यांनी नीट पाहायला हवं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे दहा टक्के मोकळी जागा मनोरंजनासाठी ठेवावी लागते ती ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर. जुन्या सोसायट्यांचे सुटे भूखंड बहुतेक याहून खूप लहान. म्हणजे एका रस्त्यावरच्या दहा सोसायट्या वेगवेगळ्या पुन्हा उभ्या राहिल्या तर दहा ठिकाणी यांत्रिक पार्किंग येईल, दहा जिम येतील, आणि सगळा रस्ता मिळून चेंडू टाकायला जागा नसेल. पूर्वी नियमाने नव्हे तर इमारती ठेंगण्या होत्या म्हणून मागे जागा उरायची. आता उरण्यासारखं काही नसतं.

गच्चीवरच्या ‘किड्स प्ले एरिया’ला मी खेळायची जागा मानायला तयार नाही. दोन प्लास्टिकच्या घसरगुंड्या आणि रबरी जमीन. चार वर्षांचं मूल तिथे रमतं, नऊ वर्षांचं मूल दहा मिनिटांत खाली येतं. शिवाय ती जागा गच्चीवर, लिफ्टने जायची, आतल्यांसाठीच. रस्त्यावरून जाणारं मूल तिथे डोकावू शकत नाही. आमच्या किल्ल्यात वॉचमनकाकांचा मुलगा असतो, समोरच्या इस्त्रीवाल्यांच्या दोघी मुली असतात, आणि पुष्कळदा सर्वांत चांगला हात त्यांचाच असतो, कारण मातीची त्यांना किळस नसते. जागा वर गेली की ही मुलं आपोआप वगळली जातात. कोणी त्यांना नको म्हणत नाही, फक्त लिफ्टचं कार्ड त्यांच्याकडे नसतं.

मग शहरात मुलांना घेऊन जायचं कुठे? पुण्यात अजून काही चांगल्या जागा आहेत आणि त्या वापरल्या पाहिजेत. पेशवे पार्कातली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, १९५६ पासून धावते आहे. तिथलं प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला गेलं, गाडी राहिली. माझी आई त्या गाडीत बसलेली, मी बसलेली, माझी मुलगी बसलेली, आणि तीन पिढ्यांना एकाच वळणावर हात हलवावासा वाटला. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करून कारंज्यापाशी सतरंजी टाकता येते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मोजत चढणारी मुलं अजून दिसतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद केला, तेव्हा त्यावर बसायला बाक आणि मुलांसाठी खेळणी बसवली. खरेदीला निघालेल्या आईबरोबरचं मूल तिथे पाच मिनिटं लोंबकळतं, आणि त्या पाच मिनिटांची किंमत मूल सांभाळणाऱ्यालाच कळते. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर पोरंटोरं घेऊन चढणारी घरं पाहिली की बरं वाटतं. या टेकड्या पोखरून रस्ते आणि बोगदे काढायच्या योजना आल्या तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, मीही मुलीला घेऊन गेले होते. तिथे मुलं खूप होती. घोषणा देणं त्यांना भोंडल्याइतकंच छान जमत होतं.

११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पहिल्यांदा पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला. ज्या रस्त्यावर एरवी मुलाचं मनगट घट्ट धरूनच चालावं लागतं, तिथे मुलं रस्त्याच्या मधोमध बसून चित्रं काढताना दिसली. मुंबईत मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी ठिकठिकाणचे रस्ते असेच लोकांना मोकळे करून दिले, तेव्हा दोरीच्या उड्या, क्रिकेट, स्केटिंग सगळं डांबरावर आलं. हे उपक्रम मला आवडतात. मला वाटतं ते लक्ष्मी रस्त्यावर वर्षातून एकदा होतात त्यापेक्षा आपल्या आतल्या गल्लीत महिन्यातून एकदा व्हावेत. आतल्या गल्लीतून कोणाला कुठे पोचायची घाई नसते. दोन्ही टोकांना दोन बाक आडवे ठेवले, पोलीस चौकीत आणि क्षेत्रीय कार्यालयात आधी अर्ज दिला, रिक्षास्टँडवर सांगून ठेवलं, की तीन तासांची गल्ली मुलांची. शाळांची मैदानं संध्याकाळी आणि सुट्टीत कुलूपबंद असतात, तीही उघडली पाहिजेत. दार उघडायचं म्हणजे कोणीतरी जबाबदारी घ्यायची, रखवालदाराचा जादा पगार काढायचा, पडलं-झडलं तर कोण ते ठरवायचं. अवघड आहे, पण आठ-दहा सोसायट्यांनी मिळून हे शाळेसमोर मांडलं तर अशक्य नाही. मुलं तक्रार करत नाहीत म्हणून हा विषय कुठल्याच सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही.

गणपतीच्या बैठकीत मी गेली काही वर्षं एकच मागणी करते. बाहेरून मनोरंजन आणायचे पैसे कमी करा आणि मुलांना कामं द्या. सुरुवातीला हसण्यावारी गेलं. मग आरतीच्या ताटाची तयारी चौथी ते सहावीच्या मुलांकडे आली. दुर्वा निवडणं, वाती करणं, कापूर संपायच्या आत सांगणं. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा या स्पर्धांचं नियोजन आठवीच्या मुली करतात, पंचही त्याच. बक्षिसं त्याच आणतात, तुळशीबागेत घासाघीस करून, आणि पैन् पैचा हिशेब खजिनदारांना देतात. मोठ्यांच्या पाककृती स्पर्धेला परीक्षक म्हणून मुलं बसली तेव्हा हॉलमध्ये एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. मुलांनी एका काकूंच्या उकडीच्या मोदकाला कमी गुण दिले आणि कारणही लिहिलं: पाकळ्या सुंदर, सारण कमी. काकूंनी ते मान्य केलं.

मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, ही तक्रार रोज ऐकू येते. माझा अनुभव असा, की खाली खरंच काही काम आहे, ते आपल्याच्याने होणार आहे आणि बिघडलं तरी कोणी अंगावर येणार नाही, हे कळलं की मुलं येतात. सगळी नाही, पण पुष्कळ येतात. मोठ्यांनी अशा वेळी फार जवळ उभं राहू नये. पाणी, लाडू आणि मलमपट्टी एवढं हाताशी ठेवावं.

आमच्या पुनर्विकासाच्या मागण्यांच्या यादीत मी आणि आणखी चार घरांनी मिळून एक कलम घालायला लावलं आहे: पूर्वेच्या भिंतीलगत साधारण दहा फूट रुंद पट्टा उघड्या मातीचा राहील, त्यावर फरशी, गवताची चटई किंवा कारंजं येणार नाही. वास्तुविशारदांनी आधी विचारलं की तिथे नेमकं काय करायचंय. मुलं किल्ला करतील, म्हटल्यावर त्यांनी नकाशावर पेन्सिलने चौकोन काढला आणि आपण कसब्यात प्रतापगड करायचो ते सांगत बसले. आग लागली तर बंबाला जायला वाट सोडावी लागते, त्या वाटेत हा पट्टा येतो का याची तपासणी अजून व्हायची आहे. येत असेल तर तो पश्चिमेला हलवावा लागेल, आणि पश्चिमेला ट्रान्सफॉर्मर आहे. त्यावर पुढच्या सभेत बोलणं आहे.

मुलांना या सगळ्याशी कर्तव्य नाही. या दिवाळीला त्यांनी जिंजी ठरवला आहे. यादीतला बारावा, एकाही मुलाने न पाहिलेला. कल्पना मामींच्या नातीची. मामींचं माहेर तिथून बसने तासाभरावर, त्यामुळे घरात फोटो आहेत. राजाराम महाराज रायगडाहून निघून तिथे पोचले, तिथूनच राज्य चाललं आणि मोगलांचा वेढा आठ वर्षं पडला, हे सांगायला तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना पुन्हा खाली आणायचं ठरलं आहे. अडचण एवढीच, की जिंजी एका डोंगरावर नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग असे तीन डोंगर आणि तिन्हींना जोडणारी तटबंदी. काल मुलांनी पार्किंगमध्ये खडूने तीन गोल काढून पाहिले. तिसरा गोल चेअरमनसाहेबांच्या गाडीखाली जातो. त्यांच्याशी बोलायला कोणी जायचं यावर मतदान झालं आणि मामींची नात निवडून आली. माती तिप्पट लागणार आहे. ज्यांच्याकडे पाया खणायचं काम चालू आहे त्यांनी कृपया चार पोती बाजूला काढून ठेवावीत, मुलं सायकल घेऊन येतील.